खानदेशातील वाळवण व घरगुती अन्नपरिरक्षण

वाळवण म्हणजे धान्य, डाळी, भाज्या व फळे यांपासून केलेले आणि उन्हात सुकवून वर्षभर साठवले जाणारे पदार्थ. महाराष्ट्रात ही प्रथा सर्वत्र असली, तरी खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) तिला विशेष स्थान आहे. तापी खोऱ्यातील चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, मे महिन्यात ते ४५ अंशांच्या आसपासही पोहोचते आणि हवा अत्यंत कोरडी असते. एरवी ज्या उन्हाला लोक नावे ठेवतात, तेच ऊन येथे वाळवणाचे मुख्य साधन आहे.

प्रमुख पदार्थ

बिबडे हा खानदेशचा खास पदार्थ होय. त्यासाठी ज्वारी भिजवून, आंबवून तिचे पीठ करतात. ते पाण्यात शिजवताना तीळ, जिरे, लसूण, लाल मिरची व मीठ घालतात. गरम पिठाचे गोळे ओल्या कापडावर हाताने थापून कापडासह उन्हात ठेवतात. वरची बाजू सुकली की कापड उलटे करून त्यावर पाणी शिंपडतात, म्हणजे बिबडे न तुटता सुटतात. अर्धवट वाळलेले बिबडे शेंगदाण्यांबरोबर खाण्याची रीत आहे. डब्यात जाण्यापूर्वीच त्यांतील बरेचसे संपतात.

कुरडयांसाठी गहू सुमारे तीन दिवस भिजवतात व पाणी रोज बदलतात. नंतर ते वाटून, गाळून निघालेला चीक निवळू देतात, वरचे पाणी काढून टाकतात आणि मीठ घालून चीक शिजवतात. तो गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो. थंड झाल्यास तार तुटते. उडदाचे व नागलीचे पापड, शेवया, सांडगे, मुगाच्या वड्या, तसेच कारली, गवार, वांगी यांच्या वाळवलेल्या काचऱ्या हेही घरोघरी होते. हे काम एकटीचे नाही. शेजारणी पोळपाट-लाटणे घेऊन आळीपाळीने एकमेकींच्या घरी जमतात. आखाजीला (अक्षय्य तृतीया) माहेरी आलेल्या लेकी परतताना पापड-कुरडयांचे डबे सोबत नेतात. या श्रमाची नोंद शेतीच्या हिशेबात होत नाही, ही खेदाची बाब आहे.

घराबाहेरही मोठ्या प्रमाणावर वाळवण चालते. नंदुरबार परिसरात हिवाळ्यात लाल मिरची उघड्या पथारींवर पसरतात, तर सातपुड्यातील धडगाव भागात आदिवासी कुटुंबे कैऱ्यांच्या फोडींपासून आमचूर करतात.

वाळवणामागील शास्त्र

ताज्या भाज्यांत साधारणपणे ८० ते ९५ टक्के पाणी असते. जिवाणू व बुरशी यांना वाढीसाठी लागते ते पदार्थातील मोकळे पाणी. त्याचे मान म्हणजे जलक्रिया; ती ०.६ च्या खाली गेल्यास सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. मात्र ते मरत नाहीत, सुप्त राहतात. म्हणून डब्यात ओल शिरताच बुरशी येते. भाज्या वाळवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढल्यास विकरांची क्रिया थांबते व रंग टिकतो. यंत्राने निर्जलीकरण करताना साधारण ५५ ते ६५ अंश तापमान ठेवतात. घाईने उष्णता वाढवल्यास पृष्ठभाग कडक होऊन ओलावा आत कोंडतो. उन्हात क जीवनसत्त्वाचा मोठा भाग नष्ट होतो.

अवकाळी पावसात भिजलेल्या मिरचीवर किंवा शेंगदाण्यावर ॲस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. ते नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. बुरशी पुसून माल पुन्हा उन्हात घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

डबाबंदीकरण

पदार्थ बाटलीत वा डब्यात बंद करून तापवण्याची पद्धत फ्रान्सच्या निकोलस अपेर यांनी विकसित केली व १८१० मध्ये प्रसिद्ध केली. पदार्थ का टिकतो, याचे कारण पुढे लुई पाश्चर यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. खानदेशी घरांत ही पद्धत फारशी रुजली नाही. ज्या प्रदेशात ऊन फुकट आहे, तेथे हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. अलीकडे मात्र ती घरी करून पाहण्याचे प्रमाण वाढत आहे आणि तिचा मुख्य नियम अनेकांना ठाऊक नसतो.

हा नियम आम्लतेचा आहे. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असलेले पदार्थ, उदा. कैरी, आवळा, लिंबू, उकळत्या पाण्यात ठेवून बाटलीबंद करता येतात. टोमॅटो या सीमेवर असल्याने दर लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालण्याची शिफारस आहे. वांगी, गवार, मका, तुरीचे ओले दाणे हे पदार्थ कमी आम्लाचे आहेत. त्यांत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू १०० अंशांवरही तग धरतात आणि बंद, हवारहित बाटलीत वाढून अतिशय घातक विष निर्माण करतात. त्यांच्या नाशासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश तापमान ठरावीक काळ द्यावे लागते. घरातील प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या मोजून ही खात्री होत नाही, कारण बाटलीच्या मध्यभागी किती उष्णता पोहोचली हे त्यावरून कळत नाही.

अशा विषाने दूषित पदार्थाला वास वा वेगळी चव असेलच असे नाही. दुहेरी दिसणे, पापण्या जड होणे, बोलण्यास व गिळण्यास त्रास ही लक्षणे दिसताच रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवलेला कच्चा लसूणही याच कारणाने धोक्याचा ठरतो.

केळी

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिकलेल्या केळ्यात सुमारे ७५ टक्के पाणी व भरपूर साखर असल्याने ते वाळताना चिकट होते. वसई भागातील राजेळी केळ्यांची सुकेली प्रसिद्ध आहे. खानदेशात मात्र कच्च्या केळीचे तळलेले वेफर्स अधिक रूढ आहेत. पिकलेल्या केळ्याचा सामू बहुधा ४.६ च्या आसपास वा वर असतो, त्यामुळे त्याचा गर घरी बाटलीबंद करणे सुरक्षित नाही. भाव कोसळलेल्या हंगामात शेतकऱ्याच्या घरी पिकलेला माल उरतो, तेव्हा पातळ चकत्या लिंबाच्या पाण्यात बुडवून जाळीखाली वाळवणे हा साधा पर्याय आहे. चकती लवचीक असावी, पण दाबल्यावर ओल दिसू नये. त्यानंतर ती पूर्ण थंड करूनच डबा बंद करतात.