वायुनिलंबन, मोटारगाडीचे

मोटारगाडीचा भार पोलादी स्प्रिंगांऐवजी रबरी आवरणात कोंडलेल्या दाबयुक्त हवेवर पेलण्याची योजना. भार वाढला की कॉम्प्रेसरची हवा आत सोडली जाते, कमी झाला की ती बाहेर पडते; त्यामुळे गाडीची उंची कायम राहते.

अमेरिकेत कॅडिलॅकने १९५७ मध्ये एल्डोराडो ब्रूम या गाडीच्या चारही चाकांना ही योजना बसविली. पुढील वर्षी जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांतही ती जादा किमतीस मिळू लागली. तथापि हवा गळून उभी गाडी खाली बसे. अनेक मालकांनी ती यंत्रणा काढून नेहमीच्या स्प्रिंगा बसवून घेतल्या व लवकरच हा प्रयोग मागे पडला. जर्मनीत मर्सिडीज-बेंझने १९६१ च्या ३०० एसई गाडीत तिचा अवलंब केला. १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन गाडीत उंचीचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. मर्सिडीजच्या १९९८ च्या एस-क्लास गाडीत हवेचे आवरण व धक्काशोषक यांचा एकच स्ट्रट करण्यात आला.

रबर कालांतराने भेगाळत असल्याने गळतीचा दोष मात्र पूर्णपणे संपलेला नाही. स्ट्रट बदलताना प्रथम हवेचा दाब उतरवितात. नवा स्ट्रट बसविल्यावर उत्पादकाने ठरविलेली उंची साधून मगच चाकांची अलाइनमेंट तपासतात. कारण उंचीबरोबर कॅम्बर व टो-इन बदलतात आणि टायर एका कडेने झिजतात. पोलादी स्प्रिंगेत उंची बव्हंशी घडणीतच ठरलेली असते. येथे ती प्रत्येक दुरुस्तीनंतर पडताळावी लागते.