माशांचा स्नायू पुन्हा कसा घडतो: एका शोधाचा इतिहास

माशाचा स्नायू तुटला तर तो बऱ्याच अंशी नव्याने तयार होतो. हे काम मुख्यतः स्नायूतच सुप्त राहणाऱ्या मूलपेशी करतात. त्या कुठे असतात आणि जखम होताच काय करतात, याचा उलगडा दोन शतकांहून अधिक काळात टप्प्याटप्प्याने झाला.

गमावलेला अवयव पुन्हा उगवणाऱ्या प्राण्यांविषयी अठराव्या शतकातील युरोपात मोठे कुतूहल होते. रेओम्यूर यांनी १७१२ मध्ये क्रेफिशच्या पायांचे, तर स्पालान्झानी यांनी १७६८ मध्ये सॅलॅमँडरच्या पायांचे व शेपटीचे पुनर्जनन नोंदवले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्रूसोने यांनी माशांचे कापलेले पर पुन्हा वाढत असल्याचे दाखवले. नव्या ऊती कोणत्या पेशींपासून येतात, हे मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठरवणे अवघड होते.

स्नायूंबाबत तर कोडे अधिकच गहन होते. स्नायुतंतू ही अनेक केंद्रके असलेली लांब पेशी असते आणि पूर्ण वाढलेल्या तंतूतील केंद्रके विभागत नाहीत. मग नवा तंतू येतो कुठून? १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायूत एकेक केंद्रक असलेल्या लहान पेशी दिसल्या. त्या तंतूला चिकटून, त्याच्या पटलाच्या आणि बाहेरील आधारपटलाच्या मध्ये होत्या. त्यांना ‘सॅटेलाइट पेशी’ म्हणजे उपग्रह पेशी हे नाव मिळाले. दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या पेशी त्या याच असाव्यात, असा तर्क माउरो यांनी मांडला आणि पुढील संशोधनाने तो खरा ठरला.

या पेशींचे काम जिवंत प्राण्यात पाहता आले ते झेब्राफिशमुळे. गंगेच्या खोऱ्यातील या लहानशा माशाचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये केले होते. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशिकीच्या अभ्यासात आणले; त्यांचा महत्त्वाचा निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. या माशाची पिल्ले पारदर्शक असल्याने चमकणाऱ्या प्रथिनांनी खूण केलेल्या पेशी त्यांच्या शरीरात हलताना दिसतात.

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात पीटर करी यांच्या गटाने २०१६ मध्ये ही प्रक्रिया टिपली. जखम होताच मूलपेशी तिच्याकडे सरकतात. जखमेच्या काठावर वाचलेले तंतू आपले फाटे पुढे काढून त्यांना वाट दाखवतात. मग मूलपेशी असमान विभागते: एक कन्यापेशी मूलपेशीच राहते, दुसरीपासून नवे तंतू घडवणाऱ्या पेशींची फळी उभी राहते. म्हणूनच दुरुस्ती होऊनही मूलपेशींचा साठा संपत नाही. २०२१ मध्ये याच गटाने दाखवले की जखमेत मुक्काम करणाऱ्या काही भक्षक पेशी ‘नॅम्प्ट’ हे प्रथिन स्रवतात आणि त्यामुळे मूलपेशींची संख्या वाढते.

माशाचे सर्वच स्नायू मात्र या मार्गाने जात नाहीत. झेब्राफिशच्या हृदयाचा कापलेला भाग पुन्हा वाढतो, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. तिथे आधीच्याच हृदयपेशी आपली विशेष रचना काही अंशी सोडून पुन्हा विभागतात, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले.

माणसाच्या स्नायूंतही उपग्रह पेशी असतात. पण स्नायुक्षयाच्या आजारात तंतू वारंवार तुटतात आणि या पेशींची दुरुस्ती अपुरी पडते. त्यामुळे माशातील मूलपेशींना कोण जागवते आणि त्यांचा साठा कसा टिकतो, या ज्ञानाला उपचारांच्या शोधात मोठे मोल आहे.