मेंफिसचे गाणे



अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नदीच्या काठी मेंफिस नावाचे शहर आहे. कापसाची मोठी पेठ. भोवतालच्या मैलोगणती शेतांतून कापूस वेचणारे हात बहुतेक काळ्या माणसांचे होते. त्यांचे वाडवडील आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली खरी, पण पुढची जवळजवळ शंभर वर्षे दक्षिणेत काळ्यांची शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. पाणवठा वेगळा असणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मेंफिसच्या प्राणिसंग्रहालयात काळ्यांना आठवड्यातला एक दिवस नेमून दिलेला होता. उरलेले दिवस वाघ-सिंह फक्त गोऱ्यांसाठी!

या शहरात जे गाणे वाढले, त्याची हकीकत आज सांगायची आहे. त्या गाण्याला ‘सोल’ म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. त्याचे मूळ काळ्या लोकांच्या चर्चमध्ये. तिथली भजने आपल्या ओळखीची वाटतील अशी असतात. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे झील धरतात, टाळ्या पडतात, आवाज चढत जातो आणि माणसे डोलू लागतात. 1954 च्या सुमारास रे चार्ल्स नावाच्या एका अंध गायकाने ही चर्चची चाल आणि तो आर्त सूर घेतला, आणि त्यात देवाच्या जागी प्रेयसी बसवली. भाविक मंडळी चिडली. देवाचे गाणे बाजारात आणले म्हणून त्याला नावे ठेवली गेली. पण तरुणांनी ते उचलले. सोलची सुरुवात पुष्कळ जण तिथून धरतात.

मेंफिसमध्ये मात्र याच्याही आधी एक गोष्ट घडली होती, आणि ती रेडिओची आहे. तिथे डब्ल्यूडीआयए नावाचे एक रेडिओ केंद्र होते. मालक दोघे गोरे, धंदा बसत चाललेला. ऑक्टोबर 1948 मध्ये त्यांनी धाडस केले आणि नॅट विल्यम्स नावाच्या एका काळ्या शिक्षकाला ध्वनिक्षेपकासमोर बसवले. विल्यम्स मास्तर बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कुलात इतिहास शिकवीत. पहिल्या दिवशी काय बोलायचे तेच ते विसरले आणि खो खो हसत सुटले. ते हसणेच पुढे त्यांची खूण झाली! थोड्याच काळात केंद्राचे सगळे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी होऊ लागले. अमेरिकेत असे हे पहिलेच केंद्र. 1954 साली त्याची शक्ती पन्नास हजार वॅट झाली, आणि कापसाच्या शेतांतल्या झोपड्यांपर्यंत त्याचा आवाज पोहोचला. गाणी तर असतच. पण कुणाचे काय हरवले-सापडले, कुठे मदत हवी, हेही सांगितले जाई. आपल्यासारख्याच माणसाचा आवाज यंत्रातून येतो आहे, तो सन्मानाने बोलतो आहे, हे त्या लोकांनी प्रथमच ऐकले. कायद्याचे कलम बदलायला अजून वर्षे होती. माणसाची मान मात्र तेव्हापासून थोडी वर झाली असावी, असे मला वाटते.

मास्तर दिवसा शिकवीत, नंतर रेडिओवर जात. त्याच शाळेतल्या मुलांपैकी काही जण पुढे सोलचे नावाजलेले वादक झाले. शिक्षक मंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावे!

1960 साली मेंफिसच्या एका काळ्या वस्तीत एक बंद पडलेले सिनेमागृह दोघा गोऱ्या बहीणभावांनी भाड्याने घेतले. भाऊ जिम स्टुअर्ट बँकेत नोकरीला, बहीण एस्टेल ॲक्स्टन. यंत्र घेण्यासाठी या बाईंनी आपले घर गहाण टाकले होते. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून पुढे कंपनीचे नाव पडले ‘स्टॅक्स’. सिनेमागृहात जिथे पूर्वी खाऊ विकत, तिथे एस्टेलबाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले. वस्तीतली पोरे तिथे जमत. कुठली तबकडी ऐकून पोरांचे पाय हलतात, हे बाई बघत आणि आत जाऊन सांगत. त्या पोरांतूनच वादक मिळाले. बुकर टी. जोन्स हा ऑर्गन वाजवणारा असाच शाळकरी मुलगा. त्याच्या चौघांच्या ताफ्यात पुढे दोघे काळे व दोघे गोरे होते. आत ते खांद्याला खांदा लावून वाजवीत. पण बाहेर एका टेबलाशी बसून जेवतील अशी जागा शहरात मिळणे कठीण. तेव्हा ते लोरेन मोटेल नावाच्या काळ्या मालकाच्या पथिकाश्रमात जात. तिथे खोलीत बसून त्यांनी काही गाजलेली गाणी रचली. हे नाव ध्यानात ठेवा.

सोलची गाणी वरवर प्रेमाची असत. पण ऐकणारा त्यात आपले दुःख भरून घेई. ओटिस रेडिंगने 1965 साली ‘रिस्पेक्ट’ म्हणजे ‘मान’ या नावाचे गाणे केले. त्यात दमून घरी आलेला नवरा बायकोकडे मान मागतो. 1967 साली अरेथा फ्रँकलिनने ते उलटवले. आता बाई मान मागू लागली, आणि बघता बघता सगळा समाजच तिच्या तोंडून मान मागू लागला. अरेथाचे वडील डेट्रॉइटमधले धर्मोपदेशक होते आणि समतेच्या चळवळीतले पुढारी. तेव्हा हे काही आकाशातून पडले नव्हते. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली. काळ्या दुकानदारांनी आपली दुकाने वाचावीत म्हणून दारांवर ‘सोल’ असे लिहिले. स्टॅक्समधल्या आयझॅक हेजने ते दूरदर्शनवर पाहिले, आणि त्यातून ‘सोल मॅन’ हे गाणे निघाले. एका शब्दाने दुकान वाचते, यावरून त्या शब्दाचे वजन कळेल.

आता 1968. मेंफिसचे सफाई कामगार जवळजवळ सगळे काळे. कचऱ्याच्या गळक्या टोपल्या डोक्याखांद्यावर वाहायच्या, आणि मजुरी अशी की काहींना सरकारी मदतीवर घर चालवावे लागे. 1 फेब्रुवारीला पावसात आडोसा म्हणून दोघे जण कचरा दाबणाऱ्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. यंत्र आपोआप सुरू झाले आणि दोघे चिरडले गेले. घरच्यांना मिळाले एक महिन्याचे वेतन आणि मातीसाठी 500 डॉलर. 12 फेब्रुवारीला सुमारे 1300 कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या फलकांवर मागणी एवढीच होती, की मी माणूस आहे. चर्चमध्ये सभा भरत, गाणी होत, आणि मग मोर्चा निघे. बंदुका घेतलेल्या शिपायांच्या रांगेसमोरून शांतपणे चालायचे म्हणजे सोपे नाही हो. एकट्याचा धीर सुटतो. सूर धरलेल्या शंभर जणांचा सहसा सुटत नाही.

या संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग आले. हे तेच किंग, जे 1959 साली आपल्या देशात आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते आणि 9 मार्चला ज्यांचे निरोपाचे भाषण आकाशवाणीवर झाले होते. मेंफिसमध्ये ते लोरेन मोटेलमध्ये उतरले. 4 एप्रिलच्या संध्याकाळी सज्जात उभे राहून ते खाली असलेल्या बेन ब्रँच या सॅक्सोफोनवादकाशी बोलत होते. रात्रीच्या सभेत आपले आवडते भजन वाजव, आणि सुरेख वाजव, असे त्यांनी सांगितले. तेवढ्यात गोळी लागली.

त्या रात्री अनेक शहरांत आगी लागल्या. दुसऱ्या दिवशी बोस्टनमध्ये जेम्स ब्राउनचा जलसा होता. तो दूरदर्शनवर दाखवला गेला, लोक घरी बसले आणि शहर बरेच शांत राहिले. मेंफिसमध्ये 16 एप्रिलला तडजोड झाली. कामगारांची संघटना मान्य झाली, मजुरी वाढली.

स्टॅक्समधली जुनी मोकळीक मात्र राहिली नाही. आयझॅक हेजला पुष्कळ दिवस काही रचताच येईना. एकत्र वाजवणे निराळे आणि मालकीत वाटा असणे निराळे, हा प्रश्न आता उघड बोलला जाऊ लागला, आणि तो रास्तच होता. त्याच वर्षी अल बेल हा काळा गृहस्थ कंपनीचा भागीदार झाला. 20 ऑगस्ट 1972 रोजी कंपनीने लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये एक डॉलर तिकिटात मोठा जलसा केला. लाखभर लोक आले. पण 1975 साली कर्जापायी कंपनीचे दिवाळे निघाले, आणि 1989 साली ती इमारत पाडली गेली. 2003 साली त्याच जागी संग्रहालय झाले. शेजारी संगीताची शाळा आहे, वस्तीतली मुले तिथे वाजवायला शिकतात. लोरेन मोटेलचेही 1991 साली संग्रहालय झाले. संपातल्या कामगारांना मात्र शहराचे निवृत्तिवेतन नव्हते, आणि काही जण म्हातारपणीही कचऱ्याच्या गाडीवर जात होते. 2017 साली शहराने हयात असलेल्यांना अनुदान द्यायचे ठरवले. तोवर त्यांतले थोडेच उरले होते.