पानिपत का हरलो? तीन मिनिटांत सांगायचं होतं

पोस्ट मोठी आहे, उद्याचे डबे भरून झाले की निवांत वाचा.

इथल्या मंडळाच्या तिळगूळ समारंभात माझ्या लेकाला ‘पानिपत का हरलो’ यावर तीन मिनिटं बोलायचं होतं. सातवीतला मुलगा. त्याने आधी पुण्याला आजोबांना फोन लावला. आजोबा म्हणाले, भाऊसाहेबांचा गर्व नडला. मामा म्हणाला, होळकर ऐन वेळी निघून गेले. बाबा म्हणाला, सूरजमल जाटाचं ऐकलं नाही, बायकामुलं आणि यात्रेकरू बरोबर ठेवले. व्हॉट्सॲपवरच्या एका काकांनी तर चोवीस कारणांची यादीच पाठवली. शेवटी लेक वैतागून माझ्याकडे आला. “आई, एकच कारण सांगितलं तर खोटं वाटतं, आणि चोवीस सांगितली तर कुणाचीच काही चूक नव्हती असं वाटतं!”

मी सीए. हे वाक्य मी कितीतरी मीटिंगांमध्ये मनात बोललेय, इतकं सरळ कधी जमलं नाही. बुडालेल्या कंपनीचा मालक म्हणतो, “मार्केट खराब होतं.” सल्लागार साठ पानांचा अहवाल देतो. दोघांनाही पैसे नेमके कधी संपले ते सांगायचं नसतं.

तेरीज जुळली नाही की आम्ही फरक तात्पुरता उचंत खात्यात टाकतो. भाऊंचा गर्व हे आपल्या इतिहासाचं उचंत खातं आहे. जे जुळत नाही ते तिथे ढकलायचं. पण हाच भाऊ फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला हरवतो, ऑगस्टमध्ये दिल्ली घेतो, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतो. स्वभाव तर तोच होता ना? मग तीनदा जिंकवणारा स्वभाव चौथ्यांदा कसा हरवतो, हे कुणीतरी सांगायला हवं.

काकांच्या यादीचा त्रास वेगळा. त्यातली बरीच कारणं खरी आहेत. पण लढाईच्या दोन वर्षं आधीचं आणि लढाईच्या दुपारचं, सगळं एकाच रकान्यात.

मग आम्ही दोघं तारखा घेऊन बसलो. लेकाने नकाशा काढला. यमुना निळ्या स्केचपेनने, बाकी पेन्सिलने. आणि बघता बघता लक्षात आलं की प्रश्न एक नाहीच, दोन आहेत. १४ जानेवारी १७६१ ला लढावं का लागलं? आणि लढल्यावर हरलो का?

पहिल्याचं उत्तर बरंचसं माझ्या धंद्यातलं निघालं. दिल्ली हाती आली, पण तिजोरीत काही नव्हतं. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडावी लागली, तीही लवकरच संपली. गोविंदपंत बुंदेल्यांना भाऊंनी लिहिलेली पत्रं राजवाड्यांनी १८९८ मध्ये छापली, त्यांत पैशाचा तगादा पुन्हा पुन्हा येतो. (वसुलीची पत्रं सगळ्या शतकांत सारखीच असतात, हे माझं वैयक्तिक मत.) मग ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतला भरलेली यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. लेकाने तिथे लाल रेघ मारली. दक्षिणेची वाट बंद. अब्दालीला मात्र दुआबातून, नजीबखानाच्या मुलखातून, धान्य मिळत राहिलं. ते तोडायचं काम गोविंदपंतांकडे होतं, आणि डिसेंबरमध्ये तेच मारले गेले. त्यानंतर छावणीत माणसं आणि जनावरं दोन्ही उपाशी. यात्रेकरूंचा मुद्दा इथे खरा ठरतो, कारण तीही खाणारी तोंडंच होती. तेव्हा लढायचं का, हा निर्णय उरलाच नव्हता. उपाशी मरायचं की बाहेर पडायचं, एवढंच होतं.

मी खूश झाले. म्हटलं, सापडलं, कॅश फ्लो! तर लेक म्हणतो, “पण आई, उपाशी होते तर दुपारपर्यंत जिंकत कसे होते?”

बरोबर होतं त्याचं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी रोहिल्यांची फळी खिळखिळी केली होती, हुजुरातीने अफगाणांचं मधलं सैन्य मागे रेटलं होतं. मग दुपारी अब्दालीने राखून ठेवलेली ताज्या दमाची फौज पुढे आणली. विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊंकडे मागे आणायला तसं काही शिल्लकच नव्हतं. म्हणजे भुकेने लढाईचा दिवस ठरवला, निकाल मैदानात लागला. होळकर मैदान सोडून गेले ते या सगळ्यात कुठे बसतं, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही.

आता खरं कारण सांगते, ही पोस्ट का लिहिली त्याचं. लेकाच्या वर्गात एक अफगाण मुलगा आहे, त्याचा अगदी जवळचा मित्र. त्याच्या घरी अब्दाली म्हणजे ‘अहमदशाह बाबा’, देश उभा करणारा माणूस. लेकाने कुठल्याशा व्हिडिओत ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ असं एका ओळीतलं पानिपत ऐकलं होतं आणि आठवडाभर डब्याच्या वेळी मित्राशी बोलला नव्हता. मला हे माहीतच नव्हतं. नकाशावर गारद्याचं नाव लिहिताना त्याचा हात थांबला. “हा आपल्या बाजूने होता?” म्हटलं हो, आणि पकडला गेल्यावर मारलाही गेला. सूरजमल हिंदू, तो लढाईला आलाच नाही. शुजाउद्दौलाला दोन्ही बाजू ओढत होत्या. लेक बराच वेळ गप्प बसला.

भाषण त्याने स्वतःच लिहिलं. सुरुवात त्या सावकारी पत्राने केली, ज्यात दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि न मोजता येणारी चांदी-तांब्याची नाणी गेल्याचं कळवलं होतं म्हणतात. मग दोन प्रश्न. तीन मिनिटांची पाच झाली, घंटा वाजली तरी थांबला नाही. आजोबांनी व्हिडिओ पाहून कळवलंय, “चांगलं बोलला, पण गर्वाचं राहिलं.”

पुढच्या रविवारी तो मित्र आमच्याकडे जेवायला येतोय. लेकाला त्याला नकाशा दाखवायचाय. पेन्सिलचा फार पुसट झालाय, तर उत्तर हिंदुस्थानचा १७६० च्या आसपासचा चांगला नकाशा कुणाकडे असेल तर प्लीज पाठवा.