बाळाचं रक्त बाळालाच पुरावं म्हणून

मंडळी, उंटरश्लाइसहाइमला राहणाऱ्या आपल्यापैकी कोणाच्या बाळाच्या हृदयात छिद्र निघालं, तर एस-१ गाडीनं म्युनिकला जायचं. तिथे १९७४ साली सुरू झालेलं जर्मन हार्ट सेंटर आहे. ऑपरेशनआधी सहीचा कागद येतो, त्यात 'रक्त द्यावं लागू शकतं' असं असतं. आईबाबांच्या तोंडून लगेच निघतं, "मग आमचंच घ्या ना!"

एके काळी खरंच आईबाबांचं घेत. २६ मार्च १९५४ ला अमेरिकेत मिनियापोलिसला डॉ. लिलेहाय यांनी वर्षभराच्या ग्रेगरी ग्लिडनला नळ्यांनी त्याच्या वडिलांशी जोडलं. ऑपरेशन संपेपर्यंत वडिलांच्या हृदय-फुप्फुसांनी दोघांचं काम केलं. छिद्र बुजलं, पण ग्रेगरी अकरा दिवसांनी गेला. अशी एकूण ४५ ऑपरेशनं झाली, २८ मुलं घरी परतली.

मग हार्ट-लंग मशीन रुळलं. जर्मनीत ते पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं रुडॉल्फ झेंकर यांनी, १९५८ साली मारबुर्गला. त्याच वर्षी ते म्युनिकला आले. अडचण एकच होती: मशीनच्या नळ्या आधी भरून ठेवाव्या लागत, आणि त्यासाठी दात्यांच्या रक्ताच्या बाटल्याच्या बाटल्या लागत. १९६० साली ओक्लाहोमात नाझीह झुहदी यांनी रक्ताऐवजी डेक्स्ट्रोजचं द्रावण भरलं. रक्त थोडं पातळ झालं तरी शरीर ते सोसतं, हे कळलं.

मोठ्यांचं भागलं, कारण त्यांच्यात पाचेक लीटर रक्त असतं. तीन किलोच्या बाळात असतं जेमतेम पाव लीटर, म्हणजे अर्ध्या लीटरच्या दुधाच्या पिशवीचं निम्मं! मशीनमध्येच त्याच्या कितीतरी पट द्रावण मावत असेल, तर बाळाचं रक्त पाणचट होणार. म्हणून दात्याचं रक्त मिसळावंच लागे.

उपाय कुठल्या एका औषधात सापडला नाही, तो काटकसरीत सापडला. पंप टेबलाजवळ आणला, नळ्या आखूड आणि बारीक केल्या. १९९१ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलात मार्टिन एलियट यांच्या चमूनं ऑपरेशन संपताच जादा पाणी गाळून काढायची पद्धत मांडली. सांडलेलं रक्त धुऊन परत देता येतं. बर्लिनच्या हार्ट सेंटरनं तान्ह्या बाळांसाठी मशीनचं भरण शंभर मिलीलीटरच्या आसपास आणलं.

आपल्याला याचं महत्त्व जरा जास्तच. १९५२ साली मुंबईच्या के.ई.एम.मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, पण त्या माणसाला 'ओ' रक्तही चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. दाता शोधायचा कुठे?

आणि "आमचंच घ्या" याचं उत्तर आज बहुधा 'नको' असं येतं. जवळच्या नातलगाच्या रक्तातल्या पेशी बाळाच्या शरीरावर उलटू शकतात. घ्यायचंच झालं तर ते आधी किरणांनी प्रक्रिया करून घ्यावं लागतं.

तेव्हा डॉक्टरांना हे जरूर विचारा: तुमच्या मशीनचं भरण किती? हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी वाढवता येईल का? तपासण्यांसाठी कमीत कमी रक्त काढाल का? घराण्यात कोणाचा बॉम्बे गट असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. आणि एवढं करूनही रक्त लागलंच, तर निःशंक होकार द्या. ही सगळी काटकसर बाळ जगावं म्हणूनच आहे.