आंबट, कच्चे आणि कठोर

'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे परकेपण सांगावे लागते. इसापाच्या गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरला, सरफोजी राजांच्या आश्रयाने, मराठीत छापल्या गेल्या. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी त्या इंग्रजीवरून पुन्हा मराठीत आणल्या.

पण ग्रीक गोष्टीतला कोल्हा द्राक्षांना कच्ची म्हणतो. लॅटिनमध्ये फीड्रसने त्यांना 'आकेर्बा' हे विशेषण लावले. त्यात कच्चेपणा, जीभ आखडवणारी चव आणि वाणीचा कठोरपणा हे तीनही अर्थ एकत्र नांदतात. फ्रेंच कवी ला फोंतेनने द्राक्षे हिरवी ठेवली. इंग्रजीत मात्र ती आंबट झाली आणि आपल्याकडेही तीच रुळली.

आता आपला 'आंबट' पाहा. संस्कृत अम्ल, प्राकृत अंबिल, मराठी आंबील; मधला 'ब' ताम्राचे तांबे होताना शिरतो तोच. आपले दात आंबतात, चालून पाय आंबतात, पावसाळ्यात कपडे आंबट-ओले राहतात, फार तर एखाद्याचा शौक आंबट असतो. बोलणे मात्र तिखट, कडवट, झोंबरे किंवा परखड असते. कठोर या अर्थाने ते आंबट होत नाही. त्यामुळे फीड्रसच्या विशेषणातला कठोरपणा मराठीत उतरायला वावच नव्हता. मला ही उणीव वाटत नाही. आंबटाशी आपले नाते आमटी-चिंचेचे, म्हणजे लाडाचेच आहे.

कच्चेपणा गळाला, ही चूक मात्र खरी. निफाड तालुक्यात गोदाकाठी सायखेड्याच्या परिसरात द्राक्षबागा आहेत. तिथे आंबटपणा हा द्राक्षाचा दोष नसून वय आहे. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते, घड धरतात आणि वाढत्या मण्यांत टार्टारिक व मॅलिक आम्ल साठत जाते. (टार्टारिक म्हणजे चिंचेतलेच.) मग बागायतदारांच्या भाषेत 'मण्यात पाणी उतरते': मणी मऊ पडतो, मॅलिक आम्ल घटते, साखर चढते. किती सुंदर शब्दप्रयोग, आणि म्हणींच्या पुस्तकात त्याला जागा नाही!

बागेत 'आंबट' या शब्दाला पैशाची किंमत आहे. कोल्ह्याला घड मिळाला नाही म्हणून तो आंबट ठरला. खरेदीदार घड हवा असतानाही त्याला आंबट म्हणू शकतो, कारण त्याने दर उतरतो. तेव्हा मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळतात आणि साखरेचा आकडा वाचतात.