चित्रफितीच्या बदल्या

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी रौप्यमहोत्सवाचा वृत्तान्त लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही ती आनंदाने शिरोधार्य मानली. काम सोपे वाटले. इ. स. २००० मधील त्या सोहळ्याची ध्वनिचित्रफीत घेतलेली होती, पुढे तिची तबकडीही झाली होती. ती यंत्रात घालावी, पाहावी आणि लिहावे, एवढेच करावयाचे होते. प्रत्यक्षात वृत्तान्त बाजूला राहिला आणि त्या चित्रफितीचाच इतिहास लिहिण्याची पाळी आमच्यावर आली. तोच येथे सादर करीत आहोत.

गुवाहाटीस येऊन राहिलेली आपली बहुतेक कुटुंबे बदलीच्या नोकरीतली. मालीगावची रेल्वे, लष्कर, बँका आणि आमच्यासारख्यांची केंद्र सरकारी कार्यालये. दर बदलीत एखादे पातेले, एखादी पेटी, कधी देव्हाऱ्यातली समईसुद्धा मागे राहते, हे येथील गृहिणींस नव्याने सांगणे नलगे. चित्रफितीचेही तसेच असते. ती एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर गेली तरच टिकते आणि प्रत्येक वेळी तिचे काहीतरी मागे राहते.

हलते चित्र जपून ठेवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. त्यात नट नव्हते की कथा नव्हती. समोर जे घडले ते टिपले, इतकेच. ती चित्रे आज पाहावयास मिळत नाहीत. पुढे कोडॅक कंपनीने १९३२ मध्ये आठ मिलिमीटरची फिल्म आणि १९६५ मध्ये ‘सुपर एट’ आणली आणि सधन घरांतून लग्नामुंजींची मुकी चित्रे निघू लागली. मध्यमवर्गीयांच्या वाट्याला हे सुख आले ते चुंबकीय फितीमुळे. जपानच्या जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस पद्धती १९७६ ची. आपल्या देशात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि त्यापाठोपाठ व्हीसीआरही. मग खांद्यावर कॅमेरा आणि हातात झगझगीत दिवा घेतलेला छायाचित्रकार प्रत्येक मांडवात दिसू लागला. त्या दिव्याने डोळे दिपलेली वऱ्हाडी मंडळी आजही अनेकांच्या संग्रही आहेत.

आपला रौप्यमहोत्सव अशाच कॅसेटवर टिपला गेला. कॅसेट तीन तासांची होती. अध्यक्षांचे भाषण, संस्थापक सभासदांचे सत्कार, आभारप्रदर्शन, मुलांचे नाच, एक विनोदी एकांकिका आणि शेवटी आपल्या ज्येष्ठ गायिका काकूंची गौळण. काकू २०११ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या आवाजाचे दुसरे ध्वनिमुद्रण कोणाकडेही नाही, हे त्यांच्या कॅनडास्थित कन्येने कळविले, तेव्हा शोधास खरी निकड आली.

ब्रह्मपुत्रेच्या काठची हवा फितींना मानवत नाही. चार-पाच पावसाळ्यांत कॅसेटच्या कडांवर पांढरी बुरशी दिसू लागली. म्हणून २००५ मध्ये येथील एका स्टुडिओकडून तिच्या दोन डीव्हीडी तबकड्या करवून घेतल्या. तबकड्या हाती पडताच आम्ही मूळ कॅसेट भंगारात दिली, हे येथे कबूल केलेच पाहिजे. सरकारी कार्यालयात अभिलेखांचे अ, ब आणि क असे वर्ग असतात. ‘क’ वर्गातले कागद मुदत संपली की नष्ट करावयाचे. आयुष्यभर ही वर्गवारी करूनही घरच्या कॅसेटला आम्ही ‘क’ वर्ग दिला. वर हौसेने तबकड्यांवर कागदी लेबले चिकटविली. लेबलाच्या डिंकाने तबकडी बिघडते आणि त्याच्या वजनाने तिचा तोलही जातो, हे ज्ञान पुढचे.

डीव्हीडीचे तंत्र मुळात अद्भुत आहे. तबकडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. आपल्याकडील पद्धतीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आसपास ठिपके असतात आणि अशी पंचवीस चित्रे दर सेकंदास लागतात. ते सारे जसेच्या तसे साठवायचे तर सेकंदाला सुमारे १२५ मेगाबिट जागा हवी. तबकडीवर ते सहा-सातांत बसवितात. ही काटकसर दोन प्रकारे होते. पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदात एकदा ठेवायचे आणि मधल्या चित्रांत जे बदलले तेवढेच नोंदवायचे, हा एक प्रकार. भिंत, पडदा, समई स्थिर. हलला तो फक्त गायिकेचा हात. दुसरा प्रकार गणिताचा आहे. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करून त्यांचे रूपांतर अशा आकड्यांत करायचे की, डोळ्यांस न जाणवणारा बारीक भाग सोडून देता यावा. हे गणित १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे मुख्य जनक नासिर अहमद हे मूळचे बेंगळुरूचे आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव हेही मूळचे भारतीयच. तिघेही तेव्हा अमेरिकेत होते. घरापासून दूर गेलेल्या तीन माणसांचे गणित आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक घरगुती चित्रात आहे, ही गोष्ट आम्हांस फार जिव्हाळ्याची वाटते.

मात्र घरी भरलेल्या तबकडीत एक मर्म आहे. बाजारात मिळणाऱ्या चित्रपटाच्या तबकडीत खळगे ठशाने उमटविलेले असतात. स्टुडिओत भरलेल्या तबकडीत मात्र सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसर किरण त्यावर खुणा उमटवितो. ऊन, दमट हवा आणि काळ यांनी तो रंग विटतो. कॅसेट खराब झाली तर चित्रात मुंग्या येतात, पण चित्र दिसते. तबकडी मात्र एका मर्यादेपलीकडे बिघडली की यंत्र ती वाचण्याचेच नाकारते.

आता या कथेत एक खेळणे येते. आमच्या मेहुण्यांनी २००६ मध्ये दुबईहून येताना आमच्या चिरंजीवांसाठी सोनी कंपनीचे ‘पीएसपी’ आणले. हातात धरून खेळायचे हे यंत्र २००४ च्या डिसेंबरात जपानात निघाले होते. त्याचा पडदा ४.३ इंचांचा आणि ४८० गुणिले २७२ ठिपक्यांचा. याच कंपनीचे २००० सालचे मोठे ‘प्लेस्टेशन २’ डीव्हीडी चालवीत असे आणि पुष्कळांनी ते त्यासाठीच घेतले. या छोट्या यंत्रात मात्र बारा सेंटिमीटरची तबकडी जाणे शक्यच नव्हते. त्यात चित्र पाहायचे तर तबकडीवरील मजकुराची संगणकीय फाइल करून ती ‘मेमरी स्टिक’ नावाच्या नखाएवढ्या कार्डावर ठेवावी लागे.

चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे. पुढील उन्हाळ्यात पुण्यास जाताना गाडीत आजी-आजोबांना एकांकिका दाखवायची, असा त्यांचा हट्ट. पुण्याचा प्रवास दोन-अडीच दिवसांचा. आम्हांसही कल्पना बरी वाटली. कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने हँडब्रेक नावाची आज्ञावली दिली. एरिक पती या फ्रेंच तरुणाने ती २००३ च्या सुमारास लिहिली आणि फुकट वाटली. अशा उदारांची नावे आम्ही आवर्जून लक्षात ठेवतो.

पहिला प्रयत्न फसला. डीव्हीडीवर चित्रपट सलग दिसला, तरी आत तो एकेक गिगाबाइटच्या आतबाहेरच्या तुकड्यांत असतो. आम्ही प्रत्येक तुकडा वेगळा रूपांतरित केला, आणि काकूंची गौळण बरोबर समेच्या आधी तुटली. संपूर्ण तबकडी एकत्र वाचावयास सांगावे लागते, हे तेव्हा कळले. दुसऱ्या खेपेस सर्व मंडळी लठ्ठ झाली. जुने चित्र चारास तीन या प्रमाणाचे आणि यंत्राचा पडदा रुंद. चित्र पडदाभर ताणले की सडपातळ सचिवही पहिलवान दिसू लागतात. दोन्ही कडांना काळी पट्टी सोडली, तेव्हा कोठे ते पूर्ववत झाले. तिसरी अडचण नाचात दिसली. दूरदर्शनच्या पद्धतीत एकेक चित्र दोन अर्ध्या भागांनी, आलटून पालटून एकाआड एक ओळींनी रंगविले जाते. संगणकात दोन्ही अर्धे एकत्र आले की हलत्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात. ते बुजविण्याची खूणही आज्ञावलीत होती. ती सापडेपर्यंत दोन रात्री गेल्या. दीड तासाच्या चित्रास आमच्या संगणकाला अख्खी रात्र लागे आणि पहाटे दोनला वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून. अखेर इन्व्हर्टर जोडला.

फाइल तयार झाली, तरी यंत्र ती ओळखीना. आमच्या पीएसपीत जुनीच आज्ञावली होती. तिला चित्र ठरावीक कप्प्यात आणि ठरावीक नावानेच लागे. ‘एमपी-रूट’ या कप्प्यात ‘१०० एमएनव्ही ०१’ हा उपकप्पा आणि त्यात ‘एम ४ व्ही’ या अक्षरांपुढे पाच आकडी क्रमांक. एक अक्षर चुकले तर दप्तर दाखल होत नसे. आमच्या खात्यातील जावक क्रमांकाहूनही ही शिस्त कडक. आम्हांस ती मनातून आवडली.

यानंतर जे झाले, त्यासाठी हा लेख. कार्ड एक गिगाबाइटचे होते आणि चिरंजीवांना खेळांसाठीही जागा हवी होती. तीन तासांचा सोहळा मावेना. चित्र ३२० गुणिले २४० ठिपक्यांचे केले, म्हणजे मूळच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. तरी दीड तासासच सुमारे सहाशे मेगाबाइट जागा लागे. तेव्हा काय ठेवायचे, याचा निर्णय आम्ही हसत हसत चिरंजीवांवर सोपविला. त्यांनी भाषणे काढली, सत्कार काढले आणि आभारही काढले. एकांकिकेत एका पात्राची मिशी गळून पडते, ती त्यांनी ठेवली. मुलांचे नाच ठेवले. गौळण तेही काढणार होते. पण ‘काकूंचे गाणे राहिलेच पाहिजे,’ असे आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून बजावले, म्हणून ती राहिली. तबकड्या आहेतच, सगळे त्यांत आहे, अशी तेव्हा आमची समजूत होती.

गेल्या वर्षी तबकड्या काढल्या. पहिली यंत्राने फिरविली आणि बाहेर टाकली. दुसरी थोडी वाचली गेली. दीपप्रज्वलन दिसले आणि समईची दुसरी वात पेटता पेटता चित्र गोठले. वेगवेगळ्या चार यंत्रांत प्रयत्न केले. मंडळाच्या कपाटातील प्रतीचीही तीच गत. चिरंजीव आता नोकरीनिमित्त हैदराबादेस असतात. त्यांच्याकडील नव्या प्लेस्टेशनला तबकडीची फटच नाही. २०२० साली निघालेल्या त्या यंत्राचा एक प्रकार तसाच आहे. पण दूरध्वनीवर त्यांनीच आठवण करून दिली, ‘बाबा, माझ्या जुन्या पीएसपीत पाहा.’ पलंगाखालच्या ट्रंकेत ते निघाले. बॅटरी फुगून मागचे झाकण वर आले होते. कार्ड जागेवर होते. फॅन्सी बाजारातील एका वृद्ध छायाचित्रकाराकडे ते कार्ड वाचणारे उपकरण मिळाले आणि संगणकाच्या पडद्यावर पाच आकडी क्रमांकाची ती फाइल उमटली.

गौळण संपूर्ण आहे. चित्र अंधूक, काकूंच्या साडीचे काठ नीट दिसत नाहीत, पण आवाज स्वच्छ आहे. शेवटी त्या तबलजींकडे पाहून मान हलवितात, तेही कळते. कन्येकडे प्रत पाठविली आहे. रौप्यमहोत्सवाच्या अध्यक्षांचे भाषण मात्र आता कोठेही नाही. त्या भाषणात मंडळाच्या पहिल्या वर्षाची हकीकत होती, वर्गणी किती आणि पहिला गणपती कोणाच्या व्हरांड्यात बसला इत्यादी. ते सांगू शकणारे तिघेही संस्थापक आज नाहीत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तेथे चित्रपटांची निगा राखली जाते. लहानशा मंडळाचा संग्रहपाल मात्र योगायोगाने एक नऊ वर्षांचा मुलगा झाला, आणि त्याला जे आवडले नाही ते आपण गमावले. यात त्याचा दोष नाही. तबकड्यांची दुसरी प्रत योग्य वेळी करणे हे आमचे काम होते.

कायद्याचा एक मुद्दा नोकरीच्या सवयीने नमूद करतो. विकतच्या चित्रपटांच्या तबकड्यांना सांकेतिक कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे २०१२ च्या दुरुस्तीने, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ अ अन्वये, शिक्षापात्र ठरले आहे. स्टुडिओत भरून घेतलेल्या घरच्या तबकड्यांना सहसा असे कुलूप नसते. त्या निःशंक उतरवाव्यात. मात्र मूळ मजकूर जसाच्या तसा एकदा संगणकात घ्यावा आणि मगच पडद्याच्या मापाची छोटी प्रत करावी. आम्ही नेमके उलट केले.

उरलेली फाइल आता तीन ठिकाणी ठेवली आहे आणि महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभागृहात दाखविण्यात येईल. मुलांच्या नाचात पहिल्या रांगेत डावीकडे दोन लहान मुली आहेत, एकीच्या परकराला जरीची किनार आहे. आम्ही अनेकांना विचारले. त्या कोणाच्या, हे कोणास सांगता आले नाही. ज्यांना ओळख पटेल, त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नावे कळवावीत.